घाट ते नाका, अकरा मिनिटे

पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसणाऱ्याने आरंभी स्वतःच्या एखाद्या बऱ्या कृत्याविषयी लिहावे, म्हणजे हात बसतो, असे मला एका स्नेह्याने सुचवले. मी तसा प्रयत्न केला. दोन पाने लिहून झाली आणि फाडलीही. कारण मन सारखे एकाच वाक्यापाशी जाऊन थांबत होते. ते वाक्य मीच लिहिले होते, भोरला संस्थानी नोकरीत असताना, वळणदार अक्षरात : 'घाटापासून नाक्यापर्यंतचे अंतर सामान्य चालीने अकरा मिनिटांचे आहे.'

त्या काळी पुण्याला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी भर बाजारात उभ्या राहत. धूळ, पेट्रोलचे डबे, बुजणारी जनावरे आणि हमालांचा कालवा यांनी दुकानदार त्रासले होते. मोटारींचा अड्डा हलवायचा असे ठरले. पण कोठे, यावर एकमत होईना. एक जागा बाजाराखाली नदीकाठी, घाटाला लागून असलेल्या मैदानावर होती. दुसरी गावाबाहेर, पुण्याच्या रस्त्यावर, चढ चढून गेल्यावर जकातीच्या नाक्याशेजारी. नाक्याची जागा ऐसपैस होती आणि मोटारींचा धूर तेथून कोणाच्या माडीपर्यंत पोहोचला नसता. माझ्या वरिष्ठांचा कल तिकडे होता. अडचण एकच होती. नदीपलीकडच्या मावळातल्या गावांना त्या अंगाला पूल नव्हता. उन्हाळ्यात लोक पात्रातून चालत येत, परंतु पावसाळ्याचे चार महिने होडीवाचून गती नसे, आणि होडीवाला उजाडल्याखेरीज होडी पाण्यात घालीत नसे. होडी घाटाला लागली की सकाळची मोटार सुटायला जेमतेम पंधरा मिनिटे उरत. तिच्यात टपाल असे, म्हणून ती कोणासाठी खोळंबत नसे.

"पंधरा मिनिटांत घाटावरचा माणूस नाक्यावर पोहोचतो की नाही, एवढे बघून या," वरिष्ठ म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात, घड्याळ बाळगता. आकडा आणा."

मी वैशाखातल्या एका सकाळी घाटावरून निघालो. हातात छत्री होती, खिशात वडिलांचे घड्याळ. येथे माझ्या स्वभावाविषयी थोडे सांगणे भाग आहे. मला लोकांच्या नजरेचे फार भय वाटे. बाजारातून जाताना कोणी हाक मारील, काही विचारील, या धास्तीने मी मान खाली घालून झपाझप चालत असे. त्या दिवशीही तसाच चाललो. नाक्यावर घड्याळ पाहिले, तो अकरा मिनिटे झाली होती.

तेथे एक वृद्ध टांगेवाला घोड्याला चंदी चारीत उभा होता. मी त्याला चाचा म्हणत असे.

"रावसाहेब," तो म्हणाला, "कुत्रं मागं लागलंय का तुमच्या?"

"नाही. अंतर मोजतो आहे."

"अंतर मोजताय व्हय! मला वाटलं, कुनाचं पैसं बुडवून निघालाय." मग त्याने घोड्याच्या मानेवर थाप मारली. "ह्यो माजा घोडा बी तुमच्या बरुबर दमंल. एकडाव डोक्यावर पाटी घिऊन चाला, न्हाईतर पाठीवर पोर घ्या, अन् मग बघा घड्याळात."

मी हसलो. ते हसणे मला आजही आठवते, कारण त्याचे म्हणणे खरे आहे हे मला त्याच क्षणी पटले होते. मी वेल्ह्याकडचा. तांदळाची ओझी घेऊन नसरापूरच्या बाजाराला निघालेल्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. चढावर त्या किती वेळा थांबतात, ओझे न उतरवता दरडीला पाठ टेकून कसा श्वास घेतात, हे मला कोणी शिकवायला नको होते. पुन्हा एकदा, ओझे घेऊन चालून पाहावे असे मनात आले. पण कोट-टोपीतल्या पदवीधर कारकुनाने डोक्यावर पाटी घेऊन भर बाजारातून जायचे! निदान एखाद्या ओझेवालीच्या मागून चालावे, तर परक्या बाईच्या मागोमाग निघालेला मी लोकांना कसा दिसेन, हा विचार आडवा आला. मी कचेरीत गेलो आणि अकरा मिनिटे लिहिली. 'सामान्य चालीने' हे शब्द मला कोणी सांगितले नव्हते. वाक्य पुरे वाटावे म्हणून ते मी स्वतः घातले.

निर्णयापूर्वी पलीकडच्या गावांतली काही माणसे विचारपूस करण्यासाठी बोलावली होती. त्यांत एक म्हातारे शेतकरी होते. ते आपल्या नातीला पाठुंगळी घेऊनच आले होते. मुलगी सात-आठ वर्षांची असावी. गुडघ्याच्या हाडाला लागलेली जखम वाहत होती, आणि दर आठवड्याला तिला पुण्याच्या इस्पितळात पट्टी बदलायला न्यावे लागे. एकही आठवडा चुकवलात तर पाय आखडेल, असे तिथल्या डॉक्टरांनी बजावले होते, हे त्यांनी कोणी न विचारताच सांगितले.

"अकरा मिनिटांचा रस्ता आहे," वरिष्ठ म्हणाले. "होडी लागल्यावर पंधरा मिनिटे मिळतात. मग हरकत काय?"

"अकरा मिन्टं म्हंजी किती, सायेब?"

सगळे हसले. वरिष्ठही हसले. "एक चिलीम ओढून होईपर्यंत."

म्हाताऱ्यांनी कागद माझ्या हातात पाहिला आणि मलाच विचारले, "तुमी सोता चालून बगितलं का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग झालं. शिकल्याला मानूस खोटं कशाला सांगंल?"

माझ्या बोलण्यात एकही अक्षर खोटे नव्हते. पाठीवरच्या मुलीने तेवढ्यात माझ्या छत्रीची मूठ पकडली होती. ती सोडवून घेण्यात मी दंग असल्यासारखे दाखवले.

अड्डा नाक्यावर गेला. पत्र्याची शेड उभी राहिली, नारळ फुटला. टांगेही साहजिकच तिकडे गेले. आणि पावसात घाटाच्या उतारावर चाके रुतत असल्यामुळे कोणी टांगेवाला खाली येत नसे. आषाढात दोन आठवडे लागोपाठ, मुलीच्या इस्पितळाच्या वारी, मी सकाळी नाक्यावर जाऊन शेडच्या खांबाआड उभा राहिलो. दोन्ही वेळा मोटार सुटून गेल्यावर ते म्हातारे चढावरून वर आले. पाठीवर घोंगडीत गुंडाळलेली मुलगी होती. दुसऱ्या वेळी त्यांनी मला पाहिले.

"रावसाहेब, ती चिलीम कोन वडत व्हता?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, नुसता दम लागला होता.

पुढच्या आठवड्यात मी होडी लागायच्या आधी घाटावर जाऊन थांबलो. मुलीला माझ्या पाठीवर द्या, असे म्हणालो. म्हातारे आधी नको नको म्हणाले, मग दिली. बाजारातल्या पायऱ्यांवरून लोक बघत होते. त्या दिवशी मला त्यांच्या नजरेचे काही वाटले नाही, किंवा वाटायला श्वास उरला नव्हता. चिखलात चपला रुतल्या, त्या मी तेथेच टाकल्या. चढाच्या मध्यावर मुलगी कानाशी म्हणाली, "तुमी आज्यापरीस लई हळू चालता."

"तू गप बैस गं," म्हातारे मागून म्हणाले. "त्येन्ला सवं न्हाई."

शेडपाशी पोहोचलो तेव्हा चोवीस मिनिटे झाली होती. रस्त्यावर सुटून गेलेल्या मोटारीच्या चाकांच्या खुणांत पाणी साचत होते. चाचाने टांग्याची बैठक पुसली आणि मुलीला वर बसवले. पुण्याला टांगा जाणार नव्हता, पण तिला घोड्याजवळ बसायला आवडले.

त्याच दुपारी मी नवे टिपण लिहिले : ओझे घेऊन, पावसात, चोवीस मिनिटे, सबब सकाळची मोटार पावसाळ्यापुरती घाटावरून सोडावी. वरिष्ठांनी ते उभ्यानेच वाचले.

"आधीचे अकराही तुमचेच ना?"

"हो."

"मग कोणता आकडा धरायचा? शेड बांधून झाली आहे. आता हे वर नेले तर तुमची नोकरी जाईल आणि माझीही शोभा होईल. फायलीला लावा."

मी लावले. हट्ट धरला असता तर काय झाले असते ते मला ठाऊक नाही. मी हट्ट धरला नाही, एवढे ठाऊक आहे. तिसऱ्या फेरीनंतर म्हातारे यायचे थांबले. दसऱ्याला नदी उतरली, ते मुलीला घेऊन चालत आले आणि मोटारीत बसले. संध्याकाळी परतताना नाक्यावर भेटले. जखम भरत आली होती. पाय मात्र गुडघ्यात वळायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. "तीन म्हैनं कुठं व्हता, म्हून लई बोलला आमाला," ते म्हणाले. मला त्यांनी काही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते.

संस्थान आता विलीन झाले. अड्डा अजून नाक्यावरच आहे, आणि मी निवृत्त होऊन भोरातच राहतो. ती मुलगी नदीपलीकडेच दिली आहे. बाजारच्या दिवशी ती डोक्यावर पत्रावळीच्या पानांचा भारा घेऊन पुण्याची मोटार गाठायला चढ चढते. उजवा पाय काठीसारखा पुढे टाकते आणि मग शरीर ओढून घेते. मी कोण हे तिला आठवत नाही. मीही सांगितलेले नाही. हे लिहिण्याचे धाडस झाले, ते तिला वाचता येत नाही म्हणूनच, हेही कबूल केले पाहिजे.

गेल्या बाजारी मी तिच्या चार पावले मागे होतो. रस्ता तेथे अरुंद आहे. ती दरडीला टेकून थांबली आणि भारा सावरीत म्हणाली, "जावा की म्होरं, आजोबा. माज्यामुळं खोळंबा कशापायी?"

"नाही," मी म्हणालो, "तू चल. मला घाई नाही."