धाकटीची झोप

आमच्या नागोयाच्या प्रयोगशाळेत सायोकोसानला वेडी म्हणायचं धाडस कुणात नव्हतं. मी तोंडावर म्हणायचो. रोज सकाळी कपाट उघडून ही आत ठेवलेल्या चिपला विचारायची, "झाली का झोप?"

"सायोकोसान, उत्तर आलं तर मलाही सांगा हं."

"तुला कशाला सांगेल ती?"

ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण टिपणाऱ्या दोन जुळ्या चिप तिनं घडवल्या होत्या, केसाहून बारीक सोन्याच्या तारा सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जोडून. थोरली उपग्रहातून वर गेली. धाकटी, वेळ पडलीच तर असावी म्हणून, कोरड्या कपाटात राहिली. सायोकोसानला मूलबाळ नव्हतं, पण त्याचा इथे संबंध जोडू नका. ती शिलाई मशीनशीही बोलायची.

तिसऱ्या वर्षी थोरलीची नजर बिघडली. सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा खाऊन तिच्या चित्रांत पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. उपाय एकच, चिपला ऊब द्यायची. किती, ते कुणालाच ठाऊक नाही. जास्त झाली तर कायमची आंधळी. आमचे प्रमुख मुरोईसेन्सेई सायोकोसानसमोर खाली मान घालून उभे राहिले.

"धाकटीला तसाच मार देऊन बघावं लागेल."

"आणि मग?"

"मग ऊब वाढवत न्यायची. ती जाईपर्यंत. मर्यादा कळायलाच हवी."

सायोकोसाननं कपाट उघडून धाकटीकडे पाहिलं.

"दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीच बसवते तिला. आणि तोमोयाकुन, तू हसलास तर बघ!"

मी कुठला हसतोय? मी तिचे हातमोजे आणून दिले.

मार खाऊन धाकटीच्या चित्रांतही तशाच रेघा उमटल्या. ऊब चढत गेली तशा त्या विरल्या. आणखी थोडी वाढवली आणि पडदा काळा झाला. त्याच्या जरा अलीकडची ऊब थोरलीला दिली. काही दिवसांनी तिनं फुटलेल्या एका ताऱ्याचं कडं पाठवलं, अगदी स्वच्छ. आम्ही टाळ्या पिटल्या. सायोकोसान धाकटीला रुमालात गुंडाळत होती.

फेब्रुवारीत सुयांचा दिवस आला. वर्षभर राबून मोडलेल्या सुया बायका देवळात नेऊन सोयाच्या मऊ टोफूत टोचतात, त्यांना विसावा मिळावा म्हणून. रांगेत सायोकोसान, मागे छत्री धरून मी.

चिप बघून पुजारी घुटमळला. "बाई, ही सुई नाही."

"सुईपेक्षा कमी सोसलं नाही हिनं."

तो बाजूला झाला. तिनं धाकटीला टोफूत हलकेच रोवलं आणि माझ्यासमोर अजिबात न लाजता म्हणाली, "थोरलीला दिसतंय गं. नीज आता."