दादाची सुंगटं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या मासळीबाजारात होते. नुकताच सुंगटांचा वाटा पिशवीत पडला होता. "ह्ये गेले गो, बाय," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे घरातल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. मी "बरं" म्हटलं. सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून माणूस "बरं" म्हणतो का? मी म्हटलं. घरी येऊन पिशवी शेजारणीच्या ओट्यावर ठेवली, "कर तू" म्हणाले आणि कणकवलीची एसटी धरली. गाडीत दोन-तीन ओळखीचे भेटले, त्यांच्याशी पावसापाण्याचं बोललेसुद्धा. महिना होऊन गेला आता. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काही बोलला का? बोलला. पण ते असं दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही...

आमचं गाव कणकवलीपासून आत. भात, काजू, थोडे आंबे. समुद्र आम्हाला वर्षातून कधीतरी दिसायचा, तोही जत्रेला गेलो तर. मी लग्न होऊन मालवणात आले. दादा ओरोसला सरकारी कचेरीत लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. तिथे तो "आपला अर्ज विचाराधीन आहे" असलं मराठी बोलायचा आणि रविवारी पहिल्या गाडीने माझ्याकडे आला की पायरीवरूनच ओरडायचा, "काय गो, चाय आसा काय?" माझ्या घरामागे खाडी आहे. तिथेच एकदा त्याने एक पर्यटक पाहिला. लांब लवचिक काठी, जाड दोर, आणि गळाला ना सुंगट ना मासळीचा तुकडा, नुसती पिसं आणि दोरे. याला फ्लाय फिशिंग म्हणतात हे आम्हाला मागाहून कळलं. त्या माणसाचा एक गळ कांदळाच्या फांदीत अडकून तुटला. दादा गुडघाभर चिखलात उतरून तो काढून घेऊन आला आणि माझ्या मागच्या खोलीत बसून त्याचा एकेक वेढा उलगडत गेला. संध्याकाळपर्यंत टेबलावर नुसता गळ उरला होता आणि शेजारी पिसं ओळीने मांडलेली. त्या दिवसापासून ती खोली माझी राहिली नाही.

त्याला तसंच पिसा-दोऱ्यांचं, गळावर बांधलेलं सुंगट करायचं होतं. सुंगट म्हणजे कोळंबी. खाडीतली तांबोशी, चोणक, सगळे मासे तिच्यावरच जगतात, हे त्याला बाबलने सांगितलं होतं. बाबल आमच्या मागेच जाळं टाकतो. दादाने चार आठवडे खपून एक सुंगट बांधलं. माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचा शेंदरी दोरा, वर तांबूस पिसं. झोकात होतं अगदी. बाबलने ते तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "भाऊ, ह्यां सुंगट कोणी शिजवल्यान?" दादाला कळेना. "अहो, जिवंत सुंगट तांबडां नसता. ह्यां सारातलां. तांबोशी काय जेवणाक बसली हा?" मी हसून हसून खाली बसले. आमच्या गावात सुंगट यायचं ते सुकं, नाहीतर आईच्या सारात. ते जन्मतःच शेंदरी असतं अशी आम्हा दोघांचीही समजूत. मी तर इतकी वर्षं मालवणात सुंगटं सोलत होते, पण कधी नीट बघितलं नव्हतं! दादा हसला नाही. माझी लोणच्याची काचेची बरणी घासून घेतली, बाबलकडून जिवंत सुंगट आणून तिच्यात सोडलं आणि दिवसभर तिच्यासमोर बसला. मध्येच मला हाक मारून म्हणाला, "बघ गो, ह्येच्या आरपार दिसता."

मग सुरू झाला त्याचा जमवाजमवीचा उद्योग. पाठीचं कवच दुधाच्या पिशवीच्या पट्टीचं. नायलॉनचं टोक मेणबत्तीवर धरलं की काळा मणी होतो, ते डोळे. अंगाला जुन्या स्वेटरची राखाडी लोकर. पायांसाठी कोंबड्याच्या मानेची पिसं लागायची, आणि ती बाजारातली चालायची नाहीत, म्हातारा कोंबडा हवा. आमच्या गावात वर्षाला राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबडा देतात. सगळे वाटणीकडे डोळे लावून बसलेले असताना हा सरकारी माणूस पिसांच्या ढिगापाशी उकिडवा बसायचा. गाववाले म्हणायचे, "एकाक तंगडी, एकाक मुंडी, आणि ह्येका पिसां." त्याच्या कानावरून जायचं ते. त्या पिसांच्या सुंगटावर त्याला पहिली तांबोशी लागली तेव्हा तो ती घेऊन भिजल्या पँटने थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. मी लादीसाठी ओरडले. तो नुसता उभा होता, मासा दोन्ही हातांत धरून.

दादाचं पोटाचं दुखणं निघालं ते हळूहळू असं आलंच नाही. गोव्याला तपासण्या, गोव्यालाच औषधं. औषध शिरेतून चढायचं आणि त्याने त्याच्या बोटांची जाणीव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कुणाकुणाची येत नाही. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा राग आला. पण ते तरी काय करणार होते? घरी दादाने चहाचा कप धरला तर बोटं लाल होईपर्यंत त्याला कळायचं नाही. शर्टाची बटणं वहिनी लावायची. मळमळ, अशक्तपणा याबद्दल तो कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला, "बोटां माझी रवली नाय गो." मी म्हटलं, पेज घे थोडी.

औषधं थांबवली, म्हणजे डॉक्टरांनीच थांबवली, तेव्हा तो म्हणाला, मला मालवणात ने. वहिनी आणि तो दोघे माझ्याकडे राहायला आले. सकाळी उठला की मागच्या खोलीत. टेबलाला बसवलेल्या पकडीत गळ लावायचा, दोरा गुंडाळायला घ्यायचा, आणि दोरा तुटायचा. सुंगटाचा दोरा फार बारीक असतो. किती ओढला की घट्ट बसतो आणि किती ओढला की तुटतो हे डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांनाच कळतं. त्याच्या बोटांना काही कळत नव्हतं. परत लावायचा, परत तुटायचा. मी दारात उभी राहून बघायची. वहिनी डोळ्याला पदर लावून परसात निघून जायची. एक दिवस मला सहन झालं नाही. म्हटलं, "सोड तां, दादा. कित्याक जीव खातंस?"

"सोडून काय करू?" तो म्हणाला. रागाने नाही, खरंच विचारत होता.

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि ताणलेल्या दोऱ्यावर माझं बोट ठेवलं. तो ओढायचा, मला ताण कळायचा, मी म्हणायची, "पुरे." तो थांबायचा. "आजून वायच... हां, पुरे." असं आमचं चालू झालं. मी आयुष्यात एवढं खरं कुणाशी बोलले नसेन. मी चुकीच्या वेळी बोलले तर दोरा जायचा, आणि आधी तो गेलाही खूपदा. पण हळूहळू जमत गेलं. डोळे बसले, लोकर बसली, पिसांचा वेढा बसला, पाठीवर दुधाची पिशवी आली. वाकडं होतं सुंगट, पण सुंगट होतं. वहिनीसुद्धा आत येऊन बघून गेली.

राहिल्या मिश्या. मिशीला तो माझा केस वापरायचा. लांब केस या घरात माझाच. वहिनीकडे मागितला तर ती म्हणायची, केस असे बाहेर जाऊ देऊ नयेत, कोणी काहीबाही करतं. माझा मात्र चालायचा! मी फणीतून एक केस काढून त्याच्या बोटांत दिला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "पांढरो झालो गो तुझो केस. माका दिसणा नाय." मी म्हटलं, "म्हातारी झालंय मा." तो हसला. मग केस गळाच्या तोंडाशी नेला आणि दुसऱ्या हाताने दोरा फिरवायला घेतला. तेवढ्यात केस त्याच्या चिमटीतून निसटला. मी पाहिलं. तो खाली गेला आणि लादीवर कुठे पडला ते मलाही दिसेना. दादाची चिमूट तशीच होती, घट्ट, गळापाशी धरलेली.

"केस हातात आसा काय गो?" त्याने विचारलं.

त्याच्या कपाळावर घाम होता. आज सकाळपासून तो बसला होता, आणि उद्या बसता येईल की नाही हे त्याला माहीत होतं, मलाही.

"आसा, दादा," मी म्हटलं.

त्याने दोऱ्याचे वेढे घेतले. मी बोट ठेवलं, "पुरे" म्हटलं. त्याने गाठ मारली, कात्रीने दोरा कापला आणि मागे टेकला. "झालां," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. त्याला गावी नेलं, आणि पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला.

परवा बाबल आला होता. मागच्या खोलीत गेला, पकडीतलं सुंगट वाकून पाहिलं. "मिशी खंय ह्येची, ताई?" म्हटलं, राहिली. "मगे लावा मा. केस तर तुमचोच." लावता येईल, त्यात अवघड काही नाही. पण मिशी गाठीच्या आत जाते. ती घालायची तर दादाने मारलेली गाठ आधी कापायला हवी. सकाळी वेणी घालताना मी एक केस बाजूला ठेवते, ब्लेड घेऊन टेबलाशी बसते, गाठीवर बोट ठेवून बघते... घट्ट आहे. मग वहिनीला फोन करायची वेळ होते आणि मी उठते.