विरेशचा जादा ओटा

आमच्या मुरुम गावचा विरेश पाण्याचा इंजिनियर. मलावी, इथिओपिया, नेपाळ असं पंधरा वर्षं फिरला. शाळेत नकाशावर इथिओपिया दाखव म्हटलं की ब्राझीलवर बोट ठेवायचा, ते सोडा. मला कुतूहल होतं त्याच्या ड्रॉइंगचं. देश कुठलाही असो, हातपंपाशेजारी दोन पायऱ्यांचा एक जादा ओटा असायचाच. एक पायरी गुडघ्याएवढी, दुसरी छातीएवढी.

"हे काय, पुढाऱ्यांना भाषणाला?" मी विचारलं. तेव्हा कुठं गडी बोलला.

नोकरी नवी असताना त्यानं उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात पंप बसवला. पाणी गोड, धार जोरात, साहेब खूश! पाहणीला गेला, तर धुरपदाबाई नावाची बाई भरलेली घागर पुढ्यात घेऊन तासभर नुसती बसलेली. बाकीच्या बाया एकमेकींना घागर उचलू लागत अन् जात. हिच्याकडं कुणी बघेना. विरेशनं वहीत लिहिलं, 'महिला इथे विश्रांती घेतात.' शहाणाच!

शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "मावशी, घरी जायचं न्हाय का?"

"जायचंय की. पर डोईवर कोण देतंय?"

जमिनीच्या वाटणीसाठी ती दिरावर कोर्टात गेली होती. गावानं बोलणं टाकलं. दिरानं निरोप धाडला होता, केस मागं घे, मग बाया हात लावतील. पाण्यापायी ती आता खरंच सही करायच्या बेतात होती.

विरेशला स्वतःच्या वहीची लाज वाटली. त्या दिवशी त्यानंच घागर तिच्या डोईवर दिली. पण रोज कोण? उरलेल्या सिमेंटात त्यानं ओटा बांधायला लावला. शरणप्पा गवंडी पोट धरून हसला.

ओटा वाळल्यावर विरेश भल्या सकाळी लांब उभा राहून बघत होता. धुरपदाबाईनं घागर एका पायरीवरून दुसरीवर चढवली, वाकून डोईवरची चुंबळ घागरीखाली सरकवली अन् ताठ उभी राहिली.

मागं तिची धाकटी जाऊ होती, दिराची बायको, सात महिन्यांची पोटुशी. तिची घागर खालच्या पायरीवरच अडली. दुसरं कुणी आलं नव्हतं.

धुरपदाबाईनं आपली घागर परत ओट्यावर ठेवली. "सरक. पोटावर ताण घिऊ नगं," म्हणाली अन् जावेच्या डोईवर घागर दिली.

जाऊ पुटपुटली, "अक्का, आता तुमाला कोण उचलू लागंल?"

"मला आता कुणाचा हात लागत न्हाय. नवऱ्याला सांग, तारखेला येते म्हणावं."