सुप्लेंत झेफेरिनो

झेफेरिनो आमच्या गावचा सुप्लेंत. सुप्लेंत म्हणजे कुणी आलं नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा. फुटबॉलच्या संघात सुप्लेंत, पंचायतीच्या यादीत अगदी तळाशी सुप्लेंत, बँडमध्ये ढोलवाला आजारी पडला तर सुप्लेंत, आणि सगळीकडे झेफेरिनोच. पण मेले सगळे धडधाकट! मैदानाबाहेरचा बाक तेवढा याने बसून बसून गुळगुळीत केला.

त्याची खरी तळमळ एकच होती: संत रोकच्या पालखीला एकदा तरी खांदा द्यायचा. जत्रेत चौघे पालखी उचलतात आणि सुप्लेंत टॉवेल घेऊन बाजूने चालतो. कुणी दमला की "सुप्लेंत!" अशी हाक येते. हा जिवाच्या आकांताने धावतो, आणि तो गृहस्थ घाम पुसून पुन्हा ताजातवाना.

यंदा त्या चौघांतल्या बाल्तझारची कंबर धरली आणि झेफेरिनोचं नशीब उघडलं. बायकोने, देओलिंदाने, शर्टाला दोनदा इस्त्री केली. "ताठ चाल, आणि तोंड मिटून चाल," ती म्हणाली, "लोक संताला बघायला येतात, तुझ्या दातांना नाही."

कारंज्यापर्यंत स्वारी अशी ऐटीत चालली की मागच्या बायका खुदखुदल्या. तिथे पुढच्या कुस्तोदिओच्या बुटाची नाडी सुटली. तो सवयीने ओरडला, "सुप्लेंत! अरे, सुप्लेंत!"

झेफेरिनो सवयीनेच धावला. आपला कोपरा सोडून.

पालखी कलंडली. संत रोकची मूर्ती पायाशी कोरलेल्या कुत्र्यासकट खाली घसरली, ती थेट मागून येणाऱ्या देओलिंदाच्या शालीत. कुत्र्याचा एक कान गटारात गेला.

"गाढवा, तू खांदा देत होतास ना?" कुस्तोदिओ किंचाळला.

"तूच हाक मारलीस!"

"दुसरा कुणी आला असता की!"

"दुसरा कोण आहे?"

सुप्लेंतला सुप्लेंत नेमायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मूर्तीखालचा खुंटा मोडला होता. त्यामुळे देओलिंदा संताला कडेवर घेऊन निघाली, आणि मागून तिघे पुरुष, कंबर धरून आलेला बाल्तझार चौथा, नुसती फुलं लादलेली रिकामी पालखी वाहत आले. झेफेरिनो बायकोच्या बाजूने चालला. मान वर करायची त्याला सोय राहिली नव्हती. आयुष्यात एकदाच मिळालेली गोष्ट आपण आपल्या पायांनी घालवली, या विचाराने त्याला रडू येत होतं.

चर्चच्या दाराशी तो हळूच म्हणाला, "हात भरून आले असतील तुझे. दे, मी आहे ना सुप्लेंत."

"मुळीच नाही भरले. अख्ख्या गावाला फेरी मारीन अजून."

तो मागे सरला. देओलिंदा उंबऱ्यापाशी थांबली, वळली, आणि तिने संत त्याच्या हातांत दिला.

"अगं, दुखत नाहीत म्हणालीस ना हात?"

"नाहीच दुखत. म्हणून तर देतेय, सुप्लेंत म्हणून नाही. चल, आत ने."