साडेपाच फुटांची फळी

साडूभाऊंनी मला साडेपाच फुटांची फळी करून आणायला सांगितली होती. मी आठ फुटांची आणली.

आता फळी कसली आणि अडीच फुटांनी असं काय बिघडतं, हे कळायला आधी आमचे साडूभाऊ कळायला हवेत, आणि ते तर बेलवलीत त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडालाही कधी कळले नाहीत. बदलापुरात राहून समुद्राच्या लाटांवर उभं राहण्याचा नाद लागलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या मेव्हणीने पसंत केला होता. बाकी माणूस वाईट नव्हता. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, सुपारीचंही व्यसन नाही, कपाळावर कायम एक आठी. ती आठी आमच्यासाठी असे. त्यांच्या मते जगात माणसांचे दोन प्रकार : पाणी समजणारे आणि मी.

हा नाद त्यांना ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लागला. कंपनीने त्यांना तीन महिने ऑस्ट्रेलियाला धाडलं. निघताना सासरच्या मंडळींनी हातात याद्या कोंबल्या होत्या. मी रेडिओ-टेपचा टू-इन-वन मागितला होता. तिथे साडूभाऊंनी ज्याच्या घरी मुक्काम केला तो फोरमन रोज कामावर जायच्या आधी समुद्रात फळी घेऊन शिरायचा. साडूभाऊही शिरले. परत आले ते सोललेलं नाक आणि एका फळीचा फोटो घेऊन. टू-इन-वन नाही, सेंट नाही, साधं चॉकलेट नाही. मला तेवढी एक गोल पांढरी वडी दिली. नारळाचा वास येत होता. परदेशी साबण म्हणून मी तिने दोन दिवस मन लावून आंघोळ केली. फेस येईना. मला वाटलं, आपलंच पाणी जड. तिसऱ्या दिवशी अंगाला बनियन चिकटून बसला तेव्हा बायकोने तिच्या ताईला विचारलं. ते मेण होतं. फळीवर पाय सटकू नये म्हणून फासतात ते. "दोन दिवस?" साडूभाऊंनी विचारलं, आणि कपाळावर दुसरी आठी आली. ती पुढे कायमची राहिली.

आल्यावर त्यांनी आधी आपल्याकडचे समुद्र तपासले. म्हणजे आम्ही दोन्ही बिऱ्हाडं पुऱ्या-भाजीचे डबे घेऊन सहलीला जायचो, आणि हे पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे असे बघत उभे राहायचे की समुद्राने नोकरीसाठी अर्ज केलाय आणि हे मुलाखत घेतायत. अलिबागला ते अर्धा तास उभे होते. मग म्हणाले, "ही लाट नाही. ही कढी आहे. उतू जाते आणि बसते." केळव्याच्या समुद्राला त्यांनी "पेन्शनर" म्हटलं. एवढा मोठा अरबी समुद्र, पण या गृहस्थाने तीन रविवारांत नापास करून टाकला. मी पुरी खात होतो. माझ्या मते समुद्र चांगला होता.

आणि मग एका ऑगस्टमध्ये त्यांना आपल्या गावातच हवी ती लाट सापडली. आमच्या उल्हास नदीवर बंधारा आहे. वर कर्जतकडे चांगला पाऊस झाला की पाणी बंधाऱ्यावरून सांडतं आणि खाली खडकावर आपटून एके ठिकाणी उलटं उसळतं. समुद्राची लाट पुढे येऊन फुटते. ही जागच्या जागी उभी. नदी खालून वाहत राहते आणि लाट तिथेच. दीड हात उंच, वाटीसारखी आत वळलेली. आम्ही ती लहानपणापासून बघत आलो होतो आणि तिच्याकडे पाठ करून कणीस खात आलो होतो. साडूभाऊ मात्र कठड्यावरून कमरेपर्यंत खाली वाकले होते. "हिच्यावर उभं राहता येईल," ते म्हणाले. "माणूस उभा आणि नदी पळतेय. फक्त फळी बरोबर हवी."

त्या 'फक्त'ने पुढची सहा-सात वर्षं खाल्ली. लाट वर्षातून जेमतेम आठवडाभर उभी राहायची. बंधाऱ्याच्या खांबावर पाण्याची उंची दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघा आहेत. पाणी चौथ्या रेघेला टेकलं की लाट, खाली गेलं की सपाट, पाचवीला पोचलं की लाट सोडा, जीव वाचवा. उरलेले एकावन्न आठवडे फळीचा विचार. पहिली फळी म्हणजे उल्हासनगरहून आणलेल्या जुन्या कपाटाचं दार. ते साडूभाऊंपेक्षा चांगलं तरंगलं आणि एकटंच पुढे निघून गेलं. दुसरी थर्माकोलची. तिच्यावर फायबरचा थर द्यायचा म्हणून यांनी घराच्या गच्चीवर रसायन ओतलं, तर थर्माकोल विरघळून त्याची लापशी झाली. माणूस केमिस्ट! कारखान्यात याच्या सहीशिवाय पिंप हलत नव्हतं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी अत्यंत गोड आवाजात विचारलं. त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत. फार सुखाचा आठवडा गेला.

तिसरी फळी तरंगली, वाहून गेली नाही, विरघळली नाही. फक्त तिच्यावर उभं राहता येत नव्हतं. कमरेला दोर बांधून ते पाण्यात उतरायचे. दोराचं दुसरं टोक कठड्याला दोन वेढे देऊन मी धरायचो, आणि बंधाऱ्यावरचा वॉचमन, भगत, मोठ्याने आकडे मोजायचा. "येक... दोन... पडला!" चारच्या वर आकडा कधी गेला नाही. पडला की साडूभाऊ वर येऊन दोष लिहून ठेवायचे : नाक जड, शेपूट रुंद, लांबी जास्त. स्वतःच जड झाल्याचं त्यांनी कधी लिहिलं नाही. पुढे पुढे त्यांना सगळीकडे फळ्याच दिसू लागल्या. लग्नात चौरंगाखाली हात घालून बघायचे. "याचं पोट बघा," ते भर पंगतीत माझ्या कानात म्हणाले, तेव्हा मी दचकून माझंच आत ओढलं. एकदा आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरी जेवायला आले असताना, फळीवर पालथं पडून हात कसे मारतात हे दाखवायला डायनिंग टेबलावर आडवे झाले. बायकोने आमटी उचलली म्हणून वाचली. "बघा," ते टेबलावरून म्हणाले, "लांब फळी समुद्राला. आपली लाट आखूड. लांब फळीचं नाक समोरून येणाऱ्या पाण्यात घुसतं आणि संपलं. कळतंय ना?" मी म्हटलं, "हो हो." मी त्यांच्या कोपराखालचा पापड कसा काढावा याचा विचार करत होतो.

नव्वदीच्या सुरुवातीला त्यांची कंपनी गुजरातेत हलली आणि त्यांना जाणं भाग पडलं. निघायचा दिवस ठरला ऑगस्टअखेरचा. म्हणजे बंधाऱ्याची ही शेवटची लाट. साडूभाऊंनी सगळे दोष समोर ठेवून शेवटचा हिशेब मांडला आणि माप काढलं : साडेपाच फूट लांब, नाक निमुळतं, शेपटीखाली माशासारखे तीन पर. कागदावर चित्र काढलं, कडेने आकडे घातले. कारखान्यात मशिनं सुटी करण्याचं काम त्यांच्या डोक्यावर, रजा मिळेना. मग नाइलाजाने, खरोखर नाइलाजाने, तो कागद त्यांनी मला दिला. "यात डोकं चालवू नका," म्हणाले. "फक्त कागद द्या आणि वस्तू घ्या."

उल्हासनगरच्या कॅम्प पाचला एक सिंधी शेठ फायबरचं काम करायचा. कूलरच्या पेट्या, बाथटब, देवळाचे कळस, कशालाही नाही म्हणायचा नाही. त्याने कागद उलटासुलटा करून बघितला. "ये क्या है साईं, इस्त्री का टेबल?"

"नाही हो. पाण्यावर उभं राहायला."

"कौन खडा रहेगा? तुम?" त्याने मला नीट न्याहाळलं. "तो मजबूत बनाना पडेगा."

मग त्याने आतला माल दाखवला. फ्रिजच्या भिंतीत भरतात तो पिवळा फोम, त्याचा सलग ठोकळा. ठोकळा आठ फुटांचाच येतो, साडेपाचला कापला तरी दाम पूर्ण ठोकळ्याचं, असं शेठ म्हणाला. "और बाकी का अढाई फूट?" मी विचारलं. शेठने दाराबाहेरच्या कचऱ्याकडे हात केला. "फेकेंगे."

फेकेंगे! मी ज्या घरात वाढलो तिथे शाळेचा शर्ट कोपराखाली आणि हाफपॅंट गुडघ्याखाली घ्यायची पद्धत, वाढत्या अंगाचं. लग्नातला सूट मी याच कॅम्पात शिवला, एक माप मोठा, पुढे अंग भरेल म्हणून. चपला मी आजही एक नंबर मोठ्या घेतो. अडीच फूट चांगला कोरा फोम डोळ्यांदेखत कचऱ्यात जाऊ देणारा माणूस माझ्या सात पिढ्यांत झाला नव्हता. "तेवढ्याच पैशांत आठची होते ना?" मी म्हटलं. "मग आठची करा." शेठ म्हणाला, "समझदार आदमी हो." मला वाटतं, आयुष्यात मला समजूतदार म्हणणारा तो एकमेव माणूस.

टेम्पोतून फळी मागे हातभर बाहेर काढून, लाल फडकं बांधून मी अंबरनाथवरून निघालो. गणपती तोंडावर आले होते. रस्त्यात तिघांनी विचारलं, कुठल्या मंडळाचा देखावा. मी एखाद्या राजासारखा बसलो होतो. बेलवलीत साडूभाऊ फाटकातच उभे होते. त्यांनी फळीकडे बघितलं. मग ते नाकाकडून शेपटीकडे चालत गेले आणि त्यांना बराच वेळ लागला.

"किती?"

"आठ," मी म्हटलं. "तेवढ्यातच दिली!"

ताई दारात आली, फळी बघून पुन्हा आत गेली. मग साडूभाऊंनी अगदी हळू विचारलं, "तुम्ही चपला एक नंबर मोठ्या घेता ना?"

"हो."

"पाय वाढले का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बरोबर चौथ्या रेघेवर होतं. लाट अशी उभी होती की मलाही कळावी. कारखान्यातलं काम आटोपलं होतं आणि तीन दिवसांनी साडूभाऊंचा ट्रक निघणार होता, म्हणून त्यांनी तीच फळी पाण्यात घातली. अकरा वेळा. प्रत्येक वेळी नाक समोरच्या पाण्यात घुसायचं, शेपूट वर उठायची आणि साडूभाऊ मुंडावळ्या सुटाव्यात तसे हातपाय पसरून खाली जायचे. भगतने पाचव्यांदा आकडे मोजणं सोडून दिलं. मोजण्यासारखं एकच होतं. अकराव्यांदा मी दोर ओढून त्यांना वर घेतलं तेव्हा ते काठावर बसून राहिले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

"करवत आहे का?" त्यांनी भगतला विचारलं.

दुपारभर आम्ही दोघांनी ती फळी कापली. मी धरलं, त्यांनी करवत चालवली. मग टोक पुन्हा निमुळतं घासलं, उघड्या फोमवर फायबरचा थर दिला, वाळत ठेवला. थर वाळायला एक रात्र लागतेच, त्याला इलाज नव्हता. पहिल्यांदाच साडूभाऊ मला काही समजावून सांगत होते आणि पहिल्यांदाच मी ऐकत होतो. नाक का निमुळतं, वजन पायांत कुठे हवं, लाटेच्या वाटीत फळी कशी बसते. कळायला लागलं तसतसं मला माझंच तोंड लपवावंसं वाटायला लागलं. इतकं सोपं होतं हो ते. डायनिंग टेबलावर सांगितलं तेव्हाही एवढंच सोपं होतं.

सकाळी फळी काखेत मारून आम्ही बंधाऱ्यावर गेलो. कर्जतकडे पाऊस उघडला होता. पाणी तिसऱ्या रेघेच्याही खाली. लाटेच्या जागी खडकावरून नदी मुकाट्याने सरकत होती. साडूभाऊ तरी गुडघाभर पाण्यात उतरले, फळी पाण्यावर ठेवली, हाताने दाबून बघितली. ती लगेच वर आली, हलकी, सरळ. "बरोबर आहे," ते म्हणाले. "माप बरोबर आहे." तो दिवस आणि पुढचा दिवस ऊनच पडलं. तिसऱ्या दिवशी ट्रक निघाला. फळी त्यांनी गादीच्या गुंडाळीत घालून नेली, जिथे नेली तिथे नदीला बंधारा नाही हे ठाऊक असूनही.

तेव्हापासून ऑगस्ट लागला की मी छत्री घेऊन बंधाऱ्यावर जाऊन उभा राहतो. चौथी रेघ भिजली की नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून गुजरातेत फोन लावतो. "साडूभाऊ, चौथीवर आहे." ते विचारतात, "वाटी आहे का आत?" मी म्हणतो, आहे. "डाव्या बाजूला फेस किती?" मी तेही बघून ठेवलेलं असतं. रजेचं विचारलं की म्हणतात, बघू. सहा वर्षं बघतायत. आता गुडघेही दुखतात, असं ताईने बायकोला कळवलंय. त्यांनी मला नाही सांगितलं.

गेल्या आठवड्यात असाच उभा होतो. लाट छान भरली होती आणि मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन. मागून भगतचा आवाज आला.

"सायेब, तुमचा साडू पान्यान पडायचा तरी. तुमी नुसती वाट अडवून उभं ऱ्हाता. सरा बाजूला, म्हशी येतान."