भूलवाल्या काकांची कुरडयांची वही

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण हवामानाच्या अंदाजावर इतक्या निष्ठेनं अविश्वास ठेवणारा माणूस साऱ्या इंग्लंडात एकच होता, आणि तो नेमका साउथहॅम्प्टनला आमच्या शेजारी राहायचा. हॉस्पिटलमध्ये ते भूल द्यायचे, म्हणून आम्ही सगळे मराठी लोक त्यांना भूलवाले काका म्हणायचो. संध्याकाळी टीव्हीवर हवामान लागलं, की चहाचा कप खाली ठेवून काका त्या सांगणाऱ्याशी चक्क मराठीतून भांडायचे. 'उद्या ऊन' म्हटलं, की दुसऱ्या दिवशी काका छत्री घेऊन बाहेर. 'पाऊस' म्हटलं, की मुद्दाम धुणं दोरीवर. मग भिजलेल्या चादरी पिळत मला म्हणायचे, "याला पाऊस म्हणत नाहीत गं, हा अपवाद आहे." सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात ते भयंकर वादळ आलं, तेव्हा तर त्यांना आकाश ठेंगणं झालं. टीव्हीवर कुणी त्याची धड कल्पनाच दिली नव्हती ना! सकाळी पाहते तर काकांचं सफरचंदाचं झाड त्यांच्याच गाडीवर आडवं, आणि हे गृहस्थ भोवती असे मिरवताहेत, जणू घरात लग्न निघालंय. "म्हणालो नव्हतो? काही कळत नाही यांना!" इन्शुरन्सचा माणूस येईपर्यंत ती चेपलेली गाडी त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवली.

आता अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं केंब्रिजला जाऊन हवामानावरच संशोधन करावं, याला काय म्हणायचं? आई गेली तेव्हा ती शाळेत होती. काकांनीच तिचं सगळं केलं होतं. एका दिवाळीला आमच्या मंडळानं तिचं भाषण ठेवलं. पृथ्वी कशी तापते आहे, पुढे काय काय होईल, हे ती अडखळत्या मराठीत, स्लाइड दाखवून सांगत होती. पहिल्या रांगेतून काका उठले. "बाई, यांना उद्याचं सांगता येत नाही, पन्नास वर्षांनंतरचं कुठून सांगणार?" सगळा हॉल खो खो हसला. मीही हसले, अजून लाज वाटते. पोरीनं प्रोजेक्टर बंद केला. स्लाइड गोळा केल्या आणि जेवायलाही न थांबता निघाली. दारात मला एवढंच म्हणाली, "मावशी, बाबांना मीपण टीव्हीवालीच वाटते का?"

त्यानंतर दोन वर्षं ती घरी आली नाही, फोनही नाही. काका दर रविवारी सकाळी फोनपाशी खुर्ची ओढून बसायचे, पण स्वतः नंबर फिरवतील तर शपथ! वर मला ऐकवायचे, "आणू दे तिला तिच्या स्लाइड. माझ्याकडे वही आहे."

ही वही कुरडयांची. काकू होत्या तेव्हा दर जुलैत बॅक गार्डनमध्ये कुरडया घालायच्या आणि वहीत टिपायच्या: गहू किती, वाळायला दिवस किती. काकू गेल्या, पण काकांनी ना कुरडया सोडल्या ना वही. सोऱ्या दाबायला मला बोलवायचे. पंच्याण्णवच्या त्या रखरखीत उन्हाळ्यात कुरडया दुसऱ्या दिवशी दुपारीच कडकडीत वाळल्या. काकांचा विश्वास बसेना. एक मोडून त्यांनी कानाशी धरली, मग आत जाऊन वही आणली. इतकी वर्षं पुरावा म्हणून मिरवली होती, पण मागची पानं त्यांनी कधी उलटलीच नव्हती. सुरुवातीला काकूंचं अक्षर: 'सहा दिवस. निम्म्यांना बुरशी.' 'पाच दिवस. शेवटचे दोन रेडिएटरवर.' पुढे काकांचं डॉक्टरी गिचमीड: चार. चार. तीन. काकूंच्या एकेका ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग उठले आणि केंब्रिजला फोन लावला.

त्यांच्या फोनचा आवाज इतका मोठा असायचा, की मला गार्डनमध्येसुद्धा सगळं ऐकू येत होतं.

"कुरडया दोन दिवसांत वाळल्या गं. तू म्हणत होतीस ते बरोबर असेल."

पलीकडून हळूच, "बाबा, एका वहीनं काही प्रूव्ह होत नाही."

"होत नाही म्हणजे? तुझ्या आईचं अक्षर आहे ते!" काका कडाडले, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "हॉलमध्ये मी तसं बोलायला नको होतं, बाळा."

शनिवारी ती आली. आम्ही कुरडया तळल्या. संध्याकाळी टीव्हीवर हवामान लागलं, तेव्हा बापलेक दोघंही त्या सांगणाऱ्याला सोडून एकमेकांशीच भांडत होते. ऐकून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये काका गेले. जुलैत एका सकाळी तिचा फोन आला, मराठी अजून तशीच अडखळती.

"मावशी, गहू किती दिवस भिजवायची? वहीत या वर्षाचा ओळ रिकामा आहे."

"तीन दिवस. पाणी रोज बदल. आणि सोऱ्या दाबायला मी येते."

"टीव्हीवर म्हणतात, शनिवारी ऊन आहे."

"मग छत्री काढून ठेव," मी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "काढलीच आहे."