बोवीनो म्हणजे सासरची दारू

लग्न होऊन मी आळ्याहून कळंबला आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, आणि घरात माझ्याशी मोकळं बोलेल असं कुणी नव्हतं. नवरा चाकणच्या कारखान्यात, सासूबाई गोठ्यात आणि नणंद पुस्तकात. नणंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तरी मी तिला अहोजाहो करायचे. ती दिवसभरात "वहिनी, चहा झाला का?" एवढंच विचारायची. मला माहेरची इतकी आठवण यायची की चहातही रडू यायचं.

ते पुस्तक एस्पेरांतोचं होतं. जगातल्या सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम बनवलेली भाषा. मंचरच्या कॉलेजातल्या एका सरांनी तिला ती पुस्तिका दिली होती, आणि परदेशातल्या एका शेतकरणीशी तिची पत्रापत्री चालायची. सासूबाई म्हणायच्या, "जी भाषा कुणाचीच न्हाई, ती शिकून करायचं काय?" मी एका दुपारी शेंगा फोडता फोडता धीर करून विचारलं, "मला शिकवाल का?"

मजाच होती. तुकड्याला तुकडा जोडायचा, की शब्द तयार. चांगलं म्हणजे बोना, पुढं 'माल' लावला की वाईट. आमटी खारट झाली की नणंद गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "वहिनी, मालबोना." बाप म्हणजे पात्रो. आपल्याकडे वाघाची वाघीण होते तसं त्यात 'ईन' घातलं की आई, पात्रीनो. त्याच्या पुढं 'बो' आला की सासरचं नातं: बोपात्रीनो, म्हणजे सासूबाई. हा शब्द आम्ही भरपूर वापरला, कारण तो त्यांच्यादेखत बोलता यायचा.

मग त्या शेतकरणीचं पत्र आलं. आमच्याकडे पाच बोवीनो आहेत, माझी बोपात्रीनो रोज सकाळी त्यांना 'मेल्कास'. हे दोन्ही शब्द पुस्तिकेत नव्हते. नणंद अडली आणि मला एकदम सुचलं.

"सोपंय की. बो म्हणजे सासरचं. वीनो म्हणजे दारू, सातव्या धड्यात आहे."

"आन् मेल्कास?"

"पिते. दारूचं दुसरं काय करणार?"

नणंदेनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी दिवसभर हवेत होते. पाच प्रकारची दारू, तीही सकाळी सकाळी पिणारी सासू! आम्हाला त्या बाईची इतकी दया आली, की नणंदेनं दोन पानी पत्र लिहिलं. धीर धर, नवऱ्याशी बोल, फारच झालं तर माहेरी जा. शेवटचा सल्ला माझा होता.

उत्तर यायला सव्वा महिना लागला. पाकिटात फोटो होता. सासूबाईंनी पदराला हात पुसून तो आधी घेतला.

"ही म्हातारी धार काढतीया. गाय लई भारी हाय बरं का."

फोटोमागे लिहिलं होतं: ही बोवीनो, ही माझी बोपात्रीनो, आणि ती पाण्याशिवाय काही पीत नाही.

मेल्कास म्हणजे धार काढते, आणि बोवो म्हणजे बैल. बैलाची बैलीण म्हणजे गाय. रोज पात्रोला लावत होतो तेच 'ईन', आणि आमच्या गोठ्यात दोन बोवीनो रवंथ करत उभ्या. नणंदेची एकुलती एक परदेशातली मैत्रीण मी दुखावली होती. आता ती पुस्तिका मिटणार आणि आम्ही पुन्हा "चहा झाला का?"वर येणार, याचीच मला भीती वाटत होती.

सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या हसता हसता खालीच बसल्या. "म्हंजी त्या बिचारीला तुमी दारुडी केली व्हय? कुणी काढला ह्यो अर्थ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नणंद म्हणाली, "दोघींनी."

संध्याकाळी ती माफीचं पत्र लिहायला बसली. पहिल्याच ओळीत होतं, मी आणि माझी बोफ्रातीनो चुकलो.

"बोफ्रातीनो म्हणजे वहिनी?" मी विचारलं.

"वहिनी बी तीच आन् नणंद बी तीच. दोघींना एकच शब्द हाय. तू आन् तुमीलाबी एकच." तिनं पेनाचं टोपण लावलं. "तवा आजपासनं मला अगं म्हण."

म्हणा नाही, म्हण. मी म्हटलं, "अगं, दे ते पेन. मीही सही करते."